न हलणारा बोरू

सिल्व्हरडेलच्या फलाटावर उतरणारी मी एकटीच.
फेब्रुवारी. उजेड अजून ताकासारखा पातळ,
पाणी शिशाचं.
चिखलवाटेने लाकडी खोपटापर्यंत जायचं,
खिडकीची फळी वर अडकवायची,
लेन्सच्या मानेखाली वालाची पिशवी, उशीसारखी,
आणि बसायचं.

आठवडाभर लँकेस्टरच्या इस्पितळात मी माणसांना सांगते:
श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका.
आणि काचेआड जाऊन बटण दाबते.
शनिवारी तेच स्वतःला सांगते, इथे,
बोटं हातमोज्यात बधीर होईपर्यंत.

तीसेक चक्रांग. थापट्यांची एक जोडी
पाणी चाळत चाललेली, सकाळचं पीठ चाळावं तशी.
टिटव्या उठल्या.
आमच्या कंधारला रात्री टिटवी ओरडली
की कुणीतरी हळूच दार लावून घ्यायचं.
इथे तिच्यासाठी लोक मैलभर चालत येतात.

मला मात्र तपस हवा होता. तिसरा हिवाळा.
ज्याने हे नाव ठेवलं त्याने पक्षी नीट पाहिला असणार:
चोच आभाळाकडे, मान ताठ,
अंगभर वाळल्या बोरूच्या उभ्या रेघा,
आणि कशानेही न ढळणं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी खोकलं.
लोकरी टोपी काढली तेव्हा ओळखलं मी त्यांना.
मंगळवार, अकरा वाजताचे.
विल्फ्रेड एडमंडसन, जन्म एकोणचाळीसचा,
छाती, समोरून आणि बाजूने.
त्यांनी नाही ओळखलं. मास्कमागे मी कुणीही असते.
"मी विल्फ," ते म्हणाले.
"सुनेत्रा," मी म्हणाले,
जणू त्यांचं नाव आत्ताच कळत होतं.

उजवीकडे, तिसऱ्या आणि चौथ्या बरगडीच्या मध्ये,
सुपारीएवढं पांढुरकं काही.
अहवाल लिहिणं माझं काम नव्हे.
अहवाल सोमवारी.

"पक्षी शोधू नका," ते म्हणाले, चहाचं झाकण फिरवत.
"वारा यायची वाट बघा.
सगळा बोरू हलतो. जो हलत नाही, तो तो."

वारा आला.
अख्खं बेट डावीकडे कललं,
मुलाने कित्ता गिरवावा तसं, ओळीच्या ओळी,
आणि मधोमध
एक बोरू उभाच.

त्यांनी बोट केलं. मला आधीच दिसला होता.
एकदा दिसलं की न दिसणं
मला जमत नाही, इतकाच माझा हुन्नर.

शटरचा आवाज त्या खोपटात फार मोठा वाटला.
तपसाने एक डोळा आमच्याकडे वळवला, पिवळा,
मग एक पाय उचलून
तो उचलल्याचं जणू विसरूनच गेला.

"मिळाला?" ते सरकत माझ्याजवळ आले.
ओल्या लोकरीचा वास, खोकल्याच्या गोळीचा.
पडद्यावर नुसत्या उभ्या रेघा.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
बोट रेघारेघांतून नेत नेत
बरोबर तिथे आणून ठेवलं.
"हां. स्पष्ट आलाय."

मंगळवारी शर्टाची बटणं लावताना
त्यांनी हेच विचारलं होतं, बरा आला ना फोटो?
आणि मी म्हटलं होतं,
स्पष्ट आलाय.

मग आम्ही चहा प्यालो, एकाच झाकणातून, आळीपाळीने.
एप्रिलमध्ये या, ते म्हणाले,
तेव्हा घुमतो हा. रिकाम्या बाटलीत फुंकावं तसा.
दीड मैलावर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो,
बायको असताना ती म्हणायची, आला तुमचा जावई.
ते हसले, हसता हसता खोकले,
खोकला बराच वेळ थांबला नाही.
मी झाकण धरून होते.

येईन, म्हणाले.

अकरा दहाची गाडी रुळांवरून गेलेली ऐकू आली.
तपस कधी आत सरला ते दोघांनाही दिसलं नाही.
आता सगळाच बोरू हलत होता.
तरी आम्ही बघत राहिलो,
आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं
की मी श्वास सोडलेला नाही.